मायच्या हातची चपाती

अभयची गाणी मी लिहिली. म्हणजे तो सांगायचा आणि मी लिहायचे. मला अठ्ठावन्नाव्या वर्षी अक्षर आलं. आमच्या मुकुंदवाडीच्या विहारात दुपारी चारला बायांचा वर्ग भरायचा. मॅडम रोज घरून दहा ओळी लिहून आणायला लावायच्या आणि वहीवर लाल सही करायच्या. दहा ओळी कशाच्या लिहायच्या, हा माझा प्रश्न होता. अभय म्हणाला, माझ्या गाण्याच्या लिही.

अभय माझा एकुलता एक. त्याचे वडील बन्सी गायन पार्टीत ढोलकी वाजवायचे. ते गेले तेव्हा अभय अकरावीत होता. पुढं तो एका कारखान्यात पत्र्याला रंग मारायच्या खात्यात लागला आणि तिथंच त्याला सोमनाथ भेटला, गिटारवाला. नंतर रूपाली आली. तिनं बन्सीची ढोलकी काठीनं बडवायला घेतली. तिघांनी मिळून जे सुरू केलं त्याला ते पंक म्हणायचे. मंडळीचं नाव ठेवलं ‘आठवा दिवस’, कारण आमच्याकडं नळाला पाणी आठव्या दिवशी येतं. पहिलं गाणंही त्याचंच होतं.

नळाला आठव्या दिवशी येतो जीव,
मधले सात दिवस आम्ही मेलेले.

हे तो गात नव्हता, ओरडत होता. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानावर हात ठेवले. बन्सीच्या पार्टीत आवाज कसा घासून पुसून लावलेला असायचा. मी म्हणाले, बाबा, तुला गाता येत नाही तर कशाला गातो? तो हसला. “माय, हेच तर पंक आहे. ज्याला येत नाही त्यानं गायचं. फक्त गप बसायचं नाही.” तीन सुरांवर सगळं भागतं म्हणाला, तीन शरणांसारखं. त्यावर मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला होता.

त्याची गाणं करायची रीत निराळी होती. तो कागदावर काही लिहायचा नाही. संध्याकाळी कामावरून आला की भिंतीला टेकून बसायचा, एक ओळ म्हणायचा आणि माझ्याकडं बघायचा. एखादा शब्द मला लिहिता आला नाही, माझी पेन्सिल अडली, तर तो शब्द काढून टाकायचा. म्हणायचा, जो शब्द तुला जड जातो तो गाण्यातही जडच होणार. मग दुसरा, साधा शब्द शोधायचा. शेवटी म्हणायचा, वाच. मी बोट ठेवून वाचायचे. चुकले तर पुन्हा. वाचून झालं की गाणं झालं. मग ते तो सोमनाथकडं घेऊन जायचा. अशी अकरा गाणी त्या वहीत आहेत.

अकराव्या गाण्याचं सांगायचं आहे.

मी तेव्हा चितेगावच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये चपात्या करायचे. सात वर्षं तव्यापुढं होते. दोन पाळ्यांच्या मिळून हजारभर चपात्या आम्ही चार बाया करायचो. माझी चपाती पातळ आणि मऊ, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं. मुलं ताट घेऊन विचारायची, आवडामावशीच्या तव्यावरची आहे का? मग नवा ठेकेदार आला. त्यानं गळ्यात घालायची ओळखपत्रं दिली आणि त्यावर पहिल्यांदा माझं आडनाव छापून आलं. तोपर्यंत रजिस्टरात मी नुसती आवडाबाई बन्सी होते.

चार दिवस गेले. पाचव्या दिवशी कॅन्टीनचा मुकादम कडुबा माझ्याजवळ आला. वाईट बोलला असं नाही. अगदी अदबीनं म्हणाला, “आवडाबाई, तव्याची धग सोसत नसंल आता तुम्हाला. मोरीवर बसत जा.” बाकीच्या तिघी पिठाकडं बघत राहिल्या. त्यातली एक माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी होती. मी पोळपाटावरची चपाती तशीच ठेवली आणि मागच्या मोरीवर जाऊन ताटं घासायला लागले. ती अर्धी लाटलेली चपाती कुणी पुढं लाटली की फेकली, ते मी पाहिलं नाही.

घरी मी सांगितलं नाही. महिनाभर सांगितलं नाही. पण अभयनं माझे हात ओळखले. आधी बोटांवर चटक्यांचे डाग असायचे, आता सोड्यानं कातडी सुटत होती. त्यानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा सांगावं लागलं. तो लगेच उठून निघाला होता. मी दारात आडवी झाले. तुला नोकरी करायची, मला करायची, कशाला वाढवतो म्हणाले. तो परत बसला. दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी तो लवकर घरी आला. अंग कसकसतं म्हणाला. भिंतीला टेकला आणि म्हणाला, माय, वही घे.

पहिली ओळ मी लिहिली. माझ्या मायच्या हातची चपाती. दुसऱ्या ओळीत त्यानं कडुबाचं नाव घेतलं. नाव घेऊन पुढं असं काही बोलला की माझी पेन्सिल थांबली. शब्द अवघड नव्हता. मला लिहिता आला असता. पण वही मॅडमकडं जाणार होती, वर्गातल्या बाया एकमेकींच्या वह्या बघत, आणि मोरीवर बसवल्याचं मी तिथं कुणाला कळू दिलं नव्हतं. त्याला वाटलं मी लिहितेय. तो डोळे मिटून बोलत राहिला, भरभर, मांडीवर हात आपटत. मी पेन्सिल कागदावर नुसती फिरवत राहिले.

“लिहिलं का?”

“लिहिलं.”

“वाच.”

मी म्हणाले, उजेड कमी आहे, उद्या वाचते. तो बरं म्हणाला आणि आडवा झाला. अंगाला हात लावला तर तवा.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेण्याआधी तो झोपलेला असताना मी दहा ओळी पुऱ्या केल्या. रिकाम्या जागा मॅडमला दिसायला नको म्हणून. मनाला येईल तसं लिहिलं.

माझ्या मायच्या हातची चपाती
मऊ मऊ, गोल गोल,
बसा दादा, खाऊन जा,
तुमच्या भुकेला लई मोल.

पुढं असंच. डेंग्यू निघाला. आम्ही पाणी साठवतो त्या ड्रममधला डास असेल नाहीतर कारखान्यातला, कोण सांगणार. सहाव्या दिवशी अभय गेला. एकोणतीस वर्षांचा होता.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर सोमनाथ आणि रूपाली मागं थांबले. गाण्यांचं काही लिहिलेलं आहे का, विचारलं. मोबाइलमध्ये कार्यक्रमांचे व्हिडिओ होते, पण त्यात आवाज फाटलेला, शब्द कळत नव्हते. मी वही दिली. सोमनाथ पान उलटत गेला. अकराव्या गाण्यावर थांबला, वाचलं आणि लहान पोरासारखा रडायला लागला. म्हणाला, मावशी, आमच्यासमोर नुसता भांडायचा हा, आणि तुमच्यावर असं लिहून गेला.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण घर माणसांनी भरलेलं, माझं डोकं ठिकाणावर नाही, आणि तो इतका रडत होता. मला वाटलं, राहू द्या, कुणाचं काय बिघडतं.

त्यांनी गाणं बसवलं. हळू चाल, एकच गिटार. रूपालीनं म्हटलं. ते मोबाइलवर टाकलं आणि दोन महिन्यांत कुठं कुठं गेलं. लग्नात वाजलं. शाळेच्या गॅदरिंगला पोरींनी त्यावर नाच केला. बचत गटाच्या बायांनी पापडाच्या जाहिरातीला लावलं. खुलताबादला भाचीकडं गेले तर तिची शेजारीण मला बघायला आली, की चपातीवाल्या गाण्याची आई हीच का. पाण्याचं गाणं कुणी विचारलं नाही. बाकीच्या दहा गाण्यांतलं एकही कुणी विचारलं नाही. अभय म्हणजे आईवर गोड गाणं लिहून गेलेला गुणी मुलगा, एवढंच उरलं. आणि ते त्यानं लिहिलेलं नव्हतं.

गेल्या मार्चच्या सुरुवातीला कडुबा माझ्या घरी आला. मी काम सोडून दीड वर्ष झालं होतं. तो आता कॅन्टीनचा मॅनेजर झालेला. सोबत कंपनीची दोन माणसं. महिला दिनाला माझा सत्कार ठेवला होता, तोही कॅन्टीनमध्येच. चहा पिता पिता तो म्हणाला, “तुमच्या पोरानं आपल्या कॅन्टीनचं नाव केलं बघा. ती चपाती आपलीच की.” टोमणा असता तर बरं झालं असतं. पण तो खरंच खूश होता. मोरीचं त्याला आठवतच नव्हतं.

मी सोमनाथला बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, “मावशी, मग खरे शब्द काय होते?”

मी म्हणाले, दुसऱ्या ओळीत कडुबाचं नाव होतं. त्यापुढं थुंकण्याचं काहीतरी होतं. पुढचं मला येत नाही. जे कानावर पडू द्यायचं नव्हतं ते मी ऐकलंच नव्हतं.

सोमनाथनं अभयचा मोबाइल गाणं बसवण्याआधीच दुकानातून उघडून आणलेला होता. त्यात ‘चपाती’ नावानं ठेवलेली त्या गाण्याची चाल सापडली होती, नुसती, शब्दांशिवाय. त्यानं ती मला ऐकवली. अभय गुणगुणत होता आणि हातानं फळी बडवत होता. फार जोरात, फार घाईनं, बंद दारावर कुणी मारावं तसं. सोमनाथ खाली मान घालून म्हणाला, “आम्हाला वाटलं, अजून बसवायची राहिली असेल. शब्द असे, म्हणून आम्हीच ती हळू केली.” गाणं परत घेता येईल का, मी विचारलं. तो म्हणाला, आपल्याकडचं काढून टाकू, पण लोकांकडचं कसं काढणार? जमलं तर तिथं माइकवर तुम्हीच सांगा.

मी तयारी करून गेले. चार ओळी कागदावर लिहून नेल्या. कॅन्टीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, शाल दिली, नारळ दिला, गाणं लावलं. मग माइक हातात आला. मी वाचलं. हे गाणं माझ्या अभयचं नाही. त्यानं दुसरं सांगितलं होतं, ते मी लिहिलं नाही. मला तव्यावरून उठवून मोरीवर बसवलं होतं, त्याचं ते गाणं होतं. त्याचे शब्द माझ्याकडून हरवले.

मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. सूत्रसंचालन करणारी मुलगी डोळे पुसत म्हणाली, म्हणजे मुलाचं गाणं आईनं पूर्ण केलं, याहून मोठी माया कोणती. कडुबानं टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून. वाकून माझ्या पाया पडला. त्याच्या डोक्यावर माझा हात गेला. गेला कसा, मला कळलं नाही.

मग जेवणं सुरू झाली आणि गाणं पुन्हा लावलं. मला पाटावर बसवून पहिलं ताट वाढलं. हात धुते म्हणून मी मागं गेले.

मोरीवर पस्तिशीची एक बाई ताटं घासत होती. ओळखपत्र पाठीवर टाकलेलं, ओलं होऊ नये म्हणून. मी तिला विचारलं, किती दिवस झाले इथं? ती म्हणाली, वर्ष झालं. आधी तव्यावर होती. करमाडची आहे, चपात्या चांगल्या जमतात. मग इकडं टाकलं.

“का?”

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. “काय माहीत. धग सोसत नाय म्हणले.” आणि पुन्हा ताटाकडं वळली.

मला तिला खूप सांगायचं होतं. तुझ्यासाठी एक गाणं होतं, ते कानावर आलं असतं तर हे ताट तू कदाचित आपटलं असतंस. पण जे माझ्याकडं नाही ते देऊ काय? बाहेरचं गाणं आत ऐकू येत होतं आणि ती त्याच्याबरोबर हळूहळू म्हणत होती, मऊ मऊ, गोल गोल. मध्येच अडली. साबणाचा हात कपाळाला लावत तिनं विचारलं, “पुढची ओळ काय आहे हो, मावशी? मी दर वेळी विसरते.”

मी सांगितली.