धुरकट काचेची कबुली

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि आता फार थकलो आहे. दूरच्या एका बेटावरच्या सुवा शहरातल्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षे काम केले.

जंतू मारणारे औषध माणसाच्या पेशीतल्या जनुकांनाही इजा करते का, हे आम्ही तपासत असू. रक्तातल्या पांढऱ्या पेशी औषधात वाढवायच्या, रंगवायच्या आणि काचपट्टीवर पसरून माझ्याखाली ठेवायच्या. इजा झाली असेल तर पेशीच्या केंद्रकाशेजारी एक चिमुकला तुकडा दिसतो, कणकेच्या गोळ्यातून सांडलेल्या कणासारखा. एका पट्टीवर हजार पेशी तपासून असे तुकडे मोजायचे. कुठल्या पट्टीत किती औषध आहे, हे मोजणाऱ्याला सांगत नसत. नाहीतर मन डोळ्यांना फसवते.

मोजणारी होती लोसालिनी. तिच्या भुवयांचा घाम माझ्या नेत्रकाचांना सवयीचा झाला होता. पाहुणे आले की ती सांगे, "नवी यंत्रं असू देत, माझा भरवसा या म्हाताऱ्यावर." मी मनातून सुखावत असे.

पण सुव्याची हवा दमट. मला कोरडे ठेवणाऱ्या कपाटातला दिवा गेला आणि तो कुणी बदलला नाही. माझ्या भिंगावर बुरशी चढू लागली. मला ते कळत होते, पण सांगणार कसे?

त्याच सुमारास मुलांच्या त्वचेवरच्या फोडांसाठीचे नवे औषध तपासायला आले. लोसालिनीने आठ दिवस मोजले. सगळ्या पट्ट्या स्वच्छ! प्रमुख डॉक्टर आपिसाईंनी शुक्रवारी अहवाल पाठवून दिला.

सोमवारी कुठल्या पट्टीत काय होते ते कळल्यावर लोसालिनी आकडे घेऊन त्यांच्याकडे आली.

"डॉक्टर, पेशींना हमखास इजा करणारं औषध आपण एका पट्टीत मुद्दाम घालतो ना? त्यातही मला काही दिसलेलं नाही."

"शिळं झालं असेल ते. अहवाल गेला, लोसा. आता कशाला उकरून काढतेस?"

"ते शिळं, की मी आंधळी?"

तिने ती पट्टी शेजारच्या नव्या यंत्राखाली ठेवली. पहिल्या शंभर पेशींतच अकरा तुकडे! मग तिने माझे भिंग काढून खिडकीच्या उजेडात धरले; त्यावर बुरशीचे जाळे पसरले होते.

"आठ दिवस मी धुक्यातून मोजत होते. अहवाल परत मागवा. चूक माझी, असं लिहा. काच पुसणं माझं काम होतं."

"दिवा बदलायची तुझी चिठ्ठी दोन महिने माझ्या टेबलावर पडून आहे," डॉक्टर म्हणाले. "दोघांचीही नावं लिही."

पुन्हा मोजणी झाली. औषधाच्या सर्वांत मोठ्या मात्रेत नेहमीच्या तिप्पट तुकडे निघाले. औषध मुलांपर्यंत गेले नाही. ते पुढच्या तपासण्यांसाठी परत गेले. जेवणाच्या खोलीत कुणीतरी म्हणाले, "आली बघा बुरशीबाई!" लोसालिनी हसली खरी, पण पानातला कसाव्याचा उकडलेला कंद तसाच राहिला.

बुरशीने माझी काच कायमची खाल्ली होती. आता मी दाराजवळच्या टेबलावर असतो. शाळेतली मुले येतात, माझी चाके फिरवतात आणि निघून जातात.

मित्रांनो, हातातले साधन जपा, ते बोलून दाखवत नाही. आणि कधी काही दिसले नाही, तर निश्चिंत होण्याआधी एकदा विचारा: तिथे खरेच काही नाही, की आपल्यालाच दिसत नाही?