नाक झिजलेला राजा

आत्या दुकानात आली ती सरळ माझ्या खुर्चीवर बसली, म्हणून मी स्टुलावर गेले. जुन्या पुस्तकांचं हे दुकान माझं असलं तरी ती आली की मालकी तिच्याकडे जाते. रुमालाची गाठ सोडून तिने एक नाणं टेबलावर ठेवलं.

"हा कोण ते सांग. आत्ता बाळ्या येईल डबा घेऊन."

बाळ्या म्हणजे तिचा मुलगा, माझा दादा. डोक्यावर केस उरले नाहीत, तरी बाळ्याच. आणि डबा म्हणजे काकांची, आत्याच्या नवऱ्याची, रोमन नाणी. वारण्याआधी काकांनी ती संग्रहालयाला द्यायचं कबूल केलं होतं. संग्रहालयाची अट एकच होती: नाण्यावर कोणता राजा आहे हे ठरलं असेल तर घेऊ, नसेल तर घरीच ठेवा. काकांनी एकेक नाणं ओळखून कागदी पाकिटात घातलं होतं. हे तेवढं राहिलं, कारण ते पाकिटात कधी गेलंच नाही. ते त्यांच्या खिशात असायचं. बसची वाट बघताना, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत, आत्या बोलत असताना, त्यांचा अंगठा त्याच्यावर फिरत असायचा.

"एका नाण्यासाठी त्यांचं काम अर्धवट राहायला नको," आत्या म्हणाली. "काढ पुस्तकं."

मी आधी सगळ्यात देखणं काढलं. कापडी बांधणी, राजांच्या क्रमाने लावलेलं.

"यात राजाचं नाव शोधायचं, की सगळी माहिती."

"नाव माहीत असतं तर तुझ्याकडे कशाला आले असते? हे म्हणजे हरवलेल्या माणसालाच त्याचा पत्ता विचारणं झालं."

इतकी वर्षं मी ते पुस्तक नवशिक्यांना आग्रहाने विकत होते. ते मिटून दुसरं काढलं, गुळगुळीत कागदावर मोठाली छायाचित्रं असलेलं. आत्याने चार पानं उलटली.

"हे सगळे लग्नाला निघालेत. आपला आत्ताच अंथरुणातून उठलाय."

तेही मिटलं. मग खालच्या फळीवरून एक फाटकं, बारीक पुस्तक ओढलं. त्यात फोटो नव्हते, रेघांची चित्रं होती, आणि सुरुवात नाण्याच्या मागच्या बाजूपासून होती. चेहरा गेला असेल तर मागे कोण उभं आहे, हातात काय आहे, तिथून शोधायचं. मी नाणं पालथं करून दिव्याखाली तिरकं धरलं आणि भिंगातून पाहिलं. हळूहळू एक आकृती दिसायला लागली. एका हातात शिंग, दुसऱ्यात नावेचं सुकाणू.

"बाई आहे," मी म्हणाले.

"बाई?" आत्याने भिंग हिसकावलं. "म्हणजे इतकी वर्षं खिशात बाई होती?"

"नशिबाची देवता आहे गं ती."

"कोणी का असेना. सांगायला नको मला?"

हसू आवरून मी पान वाचलं. ही देवता बऱ्याच राजांनी छापली होती. आमच्या राजाच्या हनुवटीची कड शाबूत होती आणि दाढी नव्हती, म्हणून दाढीवाले गेले. जाड मानेचेही गेले. उरले दोघे, नर्व्हा आणि ट्रेजन.

"नर्व्हा असेल तर नाक लांब हवं," मी सांगितलं.

आम्ही दोघींनी भिंगातून पाहिलं. नाकाच्या जागी सपाटी होती.

"काकांच्या अंगठ्याने खाल्लं."

"आधी माझं डोकं खाऊन झालं, मग याचं नाक," आत्या म्हणाली, पण नाणं तिने हातात घेतलं.

मी शिडीवर चढून वरचा जाड खंड उतरवला. "काठावर दोन-तीन अक्षरं उरलीत. ती कुठे पडतात, त्यावरून या पुस्तकात ठरतं. काकांना मी हे कितीदा दाखवलं होतं."

"त्यांना माहीत होतं हे पुस्तक?"

"हो. चाळायचे, परत द्यायचे. जड आहे म्हणायचे."

"जड?" आत्याने माझ्याकडे पाहिलं. "लोखंडी कपाट दुसऱ्या मजल्यावर एकट्याने चढवलं होतं त्या माणसाने."

मी खंड उघडायला गेले, तर तिने पुठ्ठ्यावर पंजा ठेवला. दुसऱ्या हातातल्या नाण्यावरून तिचा अंगठा एकदा फिरला. नंतर हलकेच म्हणाली, "मला इतके दिवस वाटत होतं, जमलं नाही त्यांना."

बाहेर गाडी थांबली. दादा डबा काखेत घेऊनच आत आला.

"काय, पटली ओळख? संग्रहालयातले लोक थांबलेत."

आत्याने माझ्याकडे पाहिलं नाही. तो खंड उचलून माझ्या मांडीवर ठेवला, आणि खरंच, फार जड होता तो.

"नाही रे बाळ्या. हिच्याकडे त्या लायकीचं पुस्तकच नाही. तू हो पुढे."

दादाने माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. माझ्या धंद्याची एवढी बदनामी कोणी केली नसेल. मी खंडावर दोन्ही कोपरं टेकवून मान हलवली.

"नवीन माल आला की बघते," मी म्हणाले.