मी नाकारलेला अंगठा

मित्रांनो, मी एक जुना अंगठ्याचा डबा आहे. कागदोपत्री माझं नाव 'बायोमेट्रिक हजेरी यंत्र' असं भारदस्त आहे, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारली नाही. पंज्याएवढा माझा आकार आणि पोटाशी एक छोटी काच. काचेवर अंगठा टेकला की मी त्याच्या रेघा वाचतो. ओळख पटली तर 'थँक यू' म्हणतो, नाही पटली तर 'प्लीज ट्राय अगेन'. मला बोलायला एवढंच शिकवलं आहे. त्यामुळे आज जे सांगणार आहे ते बरेच दिवस आत साठून राहिलेलं आहे.

माझी उमेदीची वर्षं रोह्याला गेली. तिथल्या एका कंपनीच्या फाटकावर मी होतो. तीन शिफ्ट, चारशे अंगठे. तिथले साहेब पाहुण्यांना माझ्यासमोर उभं करून सांगायचे, "माणूस खोटं बोलेल, हा बोलणार नाही." हे ऐकून ऐकून मी चांगलाच शेफारलो. आपण चुकूच शकत नाही, असं मला वाटू लागलं. पुढे कंपनीने नवी यंत्रं आणली आणि मला पेणच्या कमळाकरशेटांनी स्वस्तात उचललं.

कमळाकरशेटांचा गणपतीच्या मूर्तींचा मोठा कारखाना. साठ-सत्तर माणसं कामाला, आणि मूर्ती थेट परदेशात जाणाऱ्या. मला दाराशी बसवलं, कुंकू लावलं, नारळ फोडला. दाराचं कुलूप माझ्या ताब्यात दिलं. मी 'थँक यू' म्हटल्याशिवाय दार उघडत नसे. कारकून मितेशने माझ्या डोक्यावर पाटीही लावली : 'दुसऱ्यासाठी अंगठा लावणाऱ्यास कामावरून कमी केले जाईल.' त्या पाटीखाली मी फौजदाराच्या तोऱ्यात बसायचो.

साच्यातून मूर्ती निघते तेव्हा तिच्या अंगावर सांधे उठून दिसतात. ते पॉलिश पेपरने घासून काढायचे, मग मूर्ती रंगाला जाते. हे घासकाम बायका करतात. मृणाली त्यातलीच एक, गागोद्याहून सकाळच्या एसटीने येणारी. नवीन आली तेव्हा तिचा अंगठा स्वच्छ उमटायचा. दोन-तीन आठवड्यांत रेघा फिकट झाल्या. महिन्याभराने मला काहीच दिसेना. प्लॅस्टरची भुकटी आणि पॉलिश पेपर यांनी मूर्तीबरोबर तिचा अंगठाही गुळगुळीत करून टाकला होता. घासकामाच्या बाकीच्या जणींच्या अंगठ्यावर मला निदान एखादी रेघ तरी सापडायची, तिच्या अंगठ्यावर तीही नाही.

मी आपला म्हणत राहिलो, 'प्लीज ट्राय अगेन.' ती अंगठा पदराला पुसायची, फुंकर घालायची, पुन्हा टेकवायची. मागे रांग खोळंबायची. मला तिचा रागच यायचा. हिला नीट अंगठा लावता येत नाही, असं मला वाटायचं.

तिच्या मागे त्याच एसटीने आलेली निशिगंधा असायची. ती मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. हातात कुंचला, त्यामुळे तिचा अंगठा शाबूत. एके दिवशी ती म्हणाली, "सर गो बाजूला, मी लावते. या डब्याच्या नादाला लागशील तर आपला अर्धा दिस जाईल." तिने अंगठा टेकला, दार उघडलं, मृणाली आत गेली. दार मिटलं. तिने पुन्हा अंगठा टेकला आणि स्वतः आत गेली. पुढे ते रोजचंच झालं.

मित्रांनो, यात त्या दोघींना काही लबाडी वाटलीच नाही. पाटी आहे ती घरी बसून हजेरी लावणाऱ्यांसाठी, आपण तर कामालाच आलो आहोत, असं त्यांचं साधं गणित. मी दार उघडतो एवढंच त्यांना ठाऊक होतं. मी दिवसही मोजतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घासकामाच्या सहा जणींची मजुरी टोळीवर, नगावर मिळायची, म्हणजे सगळ्यांनी मिळून जितक्या मूर्ती घासल्या तितकी. त्यामुळे माझ्या पोटात मृणालीचे दिवस कमी पडत आहेत, हे शनिवारी मजुरी घेतानाही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मृणालीला सातवा महिना लागला. डॉक्टरांनी भुकटीत बसायला मनाई केली. आजवर त्या कारखान्यात पद्धत अशी, की पोट दिसू लागलं की बाईने आपसूक काम सोडायचं आणि मूल मोठं झालं की नवीन म्हणून परत यायचं. मृणालीला हे मान्य नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवणं तिच्या स्वभावात नाही. ती सरळ शेटांसमोर जाऊन उभी राहिली.

"शेट, मला बाळंतपणाची पगारी रजा पायजे. सव्वीस आठवडे. आनि परत आले की हेच काम पायजे, नवीन म्हनून नाय."

शेट वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. मग मितेशला माझी यादी काढायला सांगितली. रजेसाठी गेल्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम झालेलं असावं लागतं. माझ्या यादीत मृणालीचे त्रेचाळीस दिवस निघाले.

"त्रेचाळीस?" ती म्हणाली. "शेट, तुमी रोज बघता ना मला?"

"मी बघतो गो. मी कुठं नाय म्हनतो?" शेट म्हणाले. "पन कागद नाय म्हनतोय. डबा खोटं बोलत नाय."

रोह्याला ज्या वाक्याने मी फुगलो होतो, त्याच वाक्याने त्या दिवशी मला पहिल्यांदा लाज वाटली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तशातली गत. बाई समोर बसलेली, आणि ती आहे की नाही हे सगळे माझ्या पोटात शोधत होते. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो, ही रोज आली, मलाच वाचता आलं नाही. पण मला दोनच वाक्यं येतात.

मृणालीने कामगार खात्याकडे अर्ज केला. पंधरा दिवसांनी खात्याच्या बाई आल्या. त्यांनी माझी वर्षभराची यादी मागवली आणि तिथेच स्टुलावर बसून ओळ न् ओळ वाचली. वाचता वाचता त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"निशिगंधा या रोज सकाळी दोनदा आत कशा जातात? पहिल्या वेळी आठ अठ्ठावन्न, दुसऱ्या वेळीही आठ अठ्ठावन्न. असे एकशे एकोणचाळीस दिवस आहेत."

सगळ्यांच्या नजरा माझ्या डोक्यावरच्या पाटीकडे गेल्या. निशिगंधाचं घर तिच्या एकटीच्या कमाईवर चालतं, हे तिथे प्रत्येकाला माहीत होतं. 'डब्यात बिघाड असेल' एवढं ती म्हणाली असती तर सुटली असती. मृणालीने हळूच तिचा हात दाबला. "नको गो ताई," ती म्हणाली. "माझं मी बघीन."

निशिगंधाने हात सोडवून घेतला.

"बाई, दोनी अंगठे माझेच हायत. पन पयल्या अंगठ्याला आत गेली ती ही. हिचा अंगठा डबा घेत नाय. काढायचं तर मला कामावरनं काढा, पन हिचे दिस हिला द्या."

"हे आता तुम्ही दोघी म्हणता," मितेश म्हणाला. "पुरावा काय?"

खात्याच्या बाईंनी मृणालीला माझ्या काचेवर अंगठा टेकायला लावला. मी जन्माची खोड सोडली नाही, म्हटलं, 'प्लीज ट्राय अगेन.' मग त्यांनी टेबलावरचं शाईचं पॅड ओढलं, मृणालीचा अंगठा त्यात बुडवला आणि कोऱ्या कागदावर टेकवला. कागदावर नुसता निळा ठिपका उमटला. त्यात एकही रेघ नव्हती.

तो कागद त्यांनी शेटांपुढे सरकवला.

"ही तुमच्याकडे कामाला नव्हती म्हणता ना? मग हिच्या अंगठ्याच्या रेघा गेल्या कुठे?"

शेटांनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ पाहिला. मग स्वतःचा अंगठा पाहिला. तरुणपणी त्यांनीही वडिलांबरोबर घासकाम केलं होतं. "मितेश," ते म्हणाले, "हिचे दिवस लाव. रजेचा कागद आजच कर."

"आणि नगावर काम करणाऱ्या बाकीच्या?" बाईंनी विचारलं. "नगावर असो की रोजावर, कायद्याला सगळ्या सारख्याच आहेत."

"व्हय," शेट म्हणाले. "त्यांचंही बघतो."

निशिगंधाला कामावरून काढलं नाही, पण लेखी समज मिळाली. तिने ते पत्र घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि अर्धवट राहिलेल्या मूर्तीपुढे जाऊन बसली. मृणालीला मुलगी झाली. सव्वीस आठवड्यांनी ती परत आली तेव्हा हजेरीपटावरचा तिचा नंबर जुनाच होता. तोवर दाराशी चेहरा ओळखणारं नवं यंत्र आलं होतं आणि माझी रवानगी माळ्यावर, फुटक्या साच्यांच्या शेजारी झाली होती. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं तर सुटल्यासारखं वाटलं.

गेल्या महिन्यात मात्र मितेशने मला एकदा खाली काढलं. घासकामातली सगळ्यात वयस्कर बाई, धोंडुबाई, हात थरथरतात म्हणून काम सोडत होती. मृणालीची रजा झाल्यापासून तिच्या मनाने घेतलं होतं, की इतकी वर्षं केलेल्या कामाचं आपल्यालाही काही मिळत असेल. पाच वर्षं सलग झाली की ग्रॅच्युइटी मिळते, असं मितेशनेच तिला सांगितलं होतं. बत्तीस वर्षांपूर्वी ती कामाला लागली. चार बाळंतपणं, एक डोळ्याचं ऑपरेशन, दर वेळी ती काम सोडून गेली आणि नवीन म्हणून परत आली.

मितेशने मला वायर जोडली. सगळी पानं उलटसुलट पाहिली. जुनी रजिस्टरंही पाहिली. त्याचा आवाज खाली गेला.

"आज्जी, ऑपरेशननंतरची सलग तीनच वर्षं भरतात हो."

धोंडुबाईने भांडण केलं नाही. तिने माझ्या काचेवरून हात फिरवला.

"बरं. मग त्याच्या आदी मी कुठं व्हते रं बाला?"

मितेशने जुनं रजिस्टर पुन्हा उघडलं. जे माझ्या पोटात कुणी घातलंच नाही, ते मी कुठून काढून देणार?

म्हणून मित्रांनो, एक मागणं आहे. यंत्र 'नाही' म्हणालं तर एकदा समोरच्या माणसाच्या हाताकडे बघा. आणि तुमच्या घरातून कुणी आई, आत्या, काकी कामाला जात असेल, तर आज ती घरी आली की चहा देऊन तिला विचारा, की तिथे तुझं नाव लागलं आहे का, कधीपासून लागलं आहे. धोंडुबाईला हे बत्तीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.