दुपारवाला

हॉटेलातला आचारी आणि खोल्या आवरणाऱ्या मावशी यांचा छत्तीसचा आकडा. चादरीवर डाग दिसला की मावशी आचाऱ्याचं नाव घेणार, कप फुटला की आचारी मावशींचं. शेवटी पाहुण्यांच्या देखत दोघांची जुंपली, तेव्हा मालकांनी मॅनेजरबाईंना बजावलं, पुन्हा असा तमाशा झाला तर आधी तुम्ही घरी जाल. घरी म्हातारी आई होती आणि शिकणारा भाऊ, दोघंही बाईंच्या नोकरीवर.

बाईंनी मग शक्कल लढवली. जेवणं उरकून सगळे घटकाभर आडवे होतात, त्या वेळेसाठी एक माणूस ठेवलाय, असं त्यांनी ठोकून दिलं. कप फुटला? दुपारवाल्याने फोडला. टॉवेल कमी भरले? दुपारवाला, दुसरं कोण! नसलेल्या माणसाची बाजू घ्यायला कोण येणार? हळूहळू आचारी आणि मावशी एका बाकावर बसून त्याला शिव्या घालू लागले. बाई स्वतःवरच खूश होत्या.

मग एका पाहुणीने निघताना त्या दुपारच्या माणसाचं कौतुक केलं. बॅग खोलीपर्यंत आणून दिली म्हणे, अगदी अबोल, फक्त हात फार गार. आचाऱ्यानेच चेष्टा चालवलीय, असं बाईंनी मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी कामगारांच्या खुंट्यांवर एक पांढरा सदरा जास्तीचा होता, घामाने ओला. बाईंनी सगळे सदरे पुन्हा मोजले. त्यांनी दोघांना जेवणघरात बोलावून सांगितलं की, दुपारवाल्याला काढून टाकलंय.

मावशींचा चेहरा उतरला. "अहो बाई, मग आता बोल कुणाला लावायचा?"

तेवढ्यात त्यांच्या पाठीमागे काचेचं कपाट धाडकन खाली आलं. त्याच्या आसपास कुणीही नव्हतं. आवाज ऐकून मालक धावत आले आणि हे कुणी केलं म्हणून विचारू लागले.

आचाऱ्याने मावशींकडे पाहिलं, मावशींनी आचाऱ्याकडे. त्यांचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

"बाईंनी," दोघं म्हणाले.

"मी नाही," बाई म्हणाल्या. आजवर असं म्हणणारा प्रत्येक जण त्यांना खोटारडा वाटत आला होता.

मालक ऐकतच नव्हते. ते खाली बघत होते. तिथे पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस वाकून मुकाट्याने काचा गोळा करत होता.

"माणूस मात्र चांगला ठेवलात," मालक म्हणाले. "हा राहील इथे."