शेवळांसोबतची काकडे

"आजी, परवाच्या भाजीनं आमच्या घरात सगळ्यांचे घसे धरले."

दामिनीच्या आवाजात राग नव्हता. परंतु शहापूरच्या बाजारात, सकाळच्या त्या प्रहरी, तिचे वाक्य शेजारच्या चार टोपल्यांपर्यंत स्पष्ट ऐकू गेले.

बाईजाने हातातली शेवळांची जुडी खाली ठेवली. डोळखांबच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरून येऊन या जागी बसण्याचे हे तिचे एकेचाळिसावे वर्ष. वैशाखात करवंदे, मग लोणच्याची कच्ची भोकरे, आणि ज्येष्ठ लागताच भूमी भेदून वर येणारी कोंबासारखी रानभाजी, शेवळे: ऋतू ज्या क्रमाने दान देतो, त्याच क्रमाने तिची टोपली भरत असे. शेवळांची रुची अपूर्व. परंतु ती घशाला खाजतात. काकडाचे आंबट, हिरवे, आवळ्याहून लहान रानफळ ठेचून त्याचे पाणी भाजीत घातले की ती खाज शमते. म्हणून प्रत्येक जुडीसोबत काकडांची एक पुडी न मागता द्यायची, हा बाईजाचा नेम होता. रानाने जी दोन्ही एकाच पंधरवड्यात दिली, ती आपण वेगळी करू नयेत, अशी तिची श्रद्धा.

"मोबाईलात बघून केली असंल भाजी!" शेजारी जांभळे घेऊन बसलेली चंद्रकला म्हणाली. "त्यात काय, शेवलात पनीर पण घालतील."

"नाही हो. सासूबाई मुरबाडला नणंदेकडे आहेत, त्यांनी फोनवर सांगितलं तसंच केलं. आतलं पिवळं काढून टाकलं, तुमची काकडं ठेचली, पाण्यात कुस्करली. पाणी मात्र डिंकासारखं चिकट झालं. मला वाटलं, असंच होत असेल."

"चिकट?" बाईजाची सून रंजिता एकदम म्हणाली, आणि बोलल्याबरोबर थांबली.

काकडाचे पाणी चिकट होत नाही. चिकट होते ते भोकराचे. दोन्ही हिरवी, दोन्ही वाटोळी, दोन्ही एकाच टोपलीत शेजारी-शेजारी ठेवलेली. परवाच्या पुड्या बाईजाने एकटीने भरल्या होत्या. सुईत दोरा ओवताना सासूचा हात हल्ली वारंवार चुकतो, हे रंजिताने पाहिले होते. घरात मात्र ती कोणाला बोलली नव्हती.

"ताई, त्या पुड्या मीच भरल्या," ती म्हणाली. "काकडाऐवजी भोकरा गेली. माजी चूक झाली."

"शिकतेय अजून ती," चंद्रकलेने सांभाळून घेतले. "बाईजाच्या हातून असं व्हनार नाय."

बाईजा गप्प राहिली असती तर तिची एकेचाळीस वर्षे अबाधित राहिली असती. परंतु रानभाजी घेणाऱ्याला रान ठाऊक नसते. तो देणाऱ्याच्या हातावर विश्वासतो. पुढच्या वर्षी टेकडी चढायला बाईजाचे गुडघे साथ देणार नव्हते. ही टोपली रंजिताची होणार होती, आणि आज तिच्या हातावर ठपका आला तर तिच्यापुढे पिशवी कोण धरणार?

तिने टोपलीतून दोन फळे उचलली आणि डोळे मिटून बोटांत फिरवली.

"हे काकड. हे भोकर. बोटांना कलतं. परवा घाईत नुसती डोल्यांनी बघून भरली." तिने डोळे उघडले. "डोलं गेलं माजं, ताई. हिनं पुड्यांना हात पन लावला नाय. माज्यासाठी खोटं बोलतेय."

"आई, गप ना!"

"गप काय गो? भाजी मी दिली, घसा त्यांचा धरला, आनी नाव तुजं जाऊ दे? मोठी शानी!"

चंद्रकलेने जांभळांवर उगाचच पाणी शिंपडले.

"मग आज कुणाकडून घेऊ?" दामिनीने हळूच विचारले.

"हिच्याकडनं. झाडावरची काकडा ही खालनं मोजते."

दामिनीची पिशवी सवयीने बाईजाकडे वळली होती; ती मध्येच थांबून रंजितापुढे आली. रंजिताने जुडी निवडली. एकेक काकड नखाने टोचून, हुंगून पुडीत टाकले. तिचा हात एकदाही चुकला नाही. "ही आमच्याकडनं, पैसं नको," ती म्हणाली. दामिनीने आढेवेढे घेतले नाहीत.

बाईजा उठली, सुनेच्या मागे सरकून बसली आणि रिकामे हात मांडीवर ठेवले.

थोड्या वेळाने नेहमीचे एक वृद्ध गिऱ्हाईक आले आणि वाकून म्हणाले, "बाईजा, शेवळं दे गो."

तिने आवाज ओळखला, मान वर केली, आणि बोटाने रंजिताकडे दाखवले.