नकाशावरची कमान

शेजारच्या घरात मिक्सर फिरला आणि लगेच बंद झाला. त्यांनाही आठवलं असावं. सासूबाई पहाटे गेल्या होत्या. आमच्या हॉलमध्ये त्यांना पांढऱ्या चादरीखाली ठेवलं होतं आणि खडकीच्या क्वार्टर्समधले निम्मे लोक दाराबाहेर खुर्च्या टाकून बसले होते.

वाट पाहायची होती ती त्यांच्या एकुलत्या मुलाची, धम्मदीपची. माझा नवरा. गेलं वर्षभर तो आसामात, दिब्रुगडला नोकरीला आहे. सकाळी माझ्या चुलत सासऱ्यांनी, दशरथकाकांनी विचारलं, "सूनबाई, पोरगा किती वाजेपर्यंत येईल?" मी मोबाईलवर दोन्ही विमानतळांची नावं टाकली. नकाशावर सुबक कमान उमटली. अंतर चोवीसशे किलोमीटरच्या आसपास, उड्डाणाला साडेतीन तास. मी वाचून दाखवलं, चांगलं मोठ्यानं.

"मग दुपारी उशिरा नेऊ," काका म्हणाले. "पोराला आईचं तोंड दिसलं पाहिजे." भंतेजींनाही तसा निरोप गेला.

त्या कमानीवरून एकही विमान जात नाही, हे मला दुपारी कळलं. धम्मदीपचा फोन आला. "निकिता, थेट फ्लाइट नाहीच गं. कोलकात्यात अडकलोय. पुढचं उद्या सकाळी. तेवढं थांबवशील का सगळ्यांना?"

मी बाहेर येऊन सांगितलं.

"साडेतीन तास म्हणाला होतात ना?"

"थेट आलं तर, काका. थेट येत नाही."

"अस्सं. मग विमान आपण सोडणार होता वाटतं?"

दोघं-तिघं हसलेसुद्धा.

"बर्फाची पेटी मागवू या ना. एका रात्रीचा तर प्रश्न आहे."

"उद्या सगळ्यांना ड्यूटी आहे, सूनबाई. आणि वहिनीला किती ताटकळत ठेवायचं?"

मी नणंदेकडे पाहिलं. रुपाली म्हणाली, "वहिनी, दादालाच विचारायचं होतंत ना, कसा येणार ते."

खरं होतं. पण सकाळी फोनवर तो नुसता रडत होता. त्याला विमानांचं काय विचारणार? म्हणून मोबाईलला विचारलं.

त्रिसरण झालं. उचलायच्या आधी मी व्हिडिओ कॉल लावून फोन आईंच्या चेहऱ्यावर धरला. त्याच्यामागे विमानतळावरच्या घोषणा चालल्या होत्या. मग चित्र अडकलं.

"दिसतायत ना?"

"दिसतेय," तो म्हणाला. दिसत नव्हती. त्याचा आवाज मी ओळखते.

काका घाई करत होते. मी फोन खाली घेतला.

दुसऱ्या दिवशी तो आला. बूट न काढताच हॉलमध्ये शिरला. फरशी धुऊन कोरडी झालेली, सोफा पुन्हा जागेवर. मधोमध नुसता उभा राहिला. आमच्या चार वर्षांच्या लेकीने, मैत्रीने, धावत जाऊन त्याचे पाय धरले, इकडेतिकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळली.

"आई, आता बाबांना आजी कुठे दाखवायची?"