हमरापूरचं प्रवाळ

मितेशला देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या, केस आणि तोंड. केसांना तो जेल लावायचा, तोंडाला मात्र काहीच लावायचा नाही. पेणच्या एसटी स्टँडसमोर गाडीच्या दाराशी उभा राहून त्याची टकळी सुरू होती, "सहाच माणसं नेतो मी, सातवं घेत नाही. गर्दी नाही, गोंगाट नाही. आज समुद्रातलं प्रवाळ, उद्या रोह्याच्या पुढचं घनदाट जंगल. सांगा मला, अंदमानला जायची गरजच काय?"

पाहुण्यांना ते पटलं होतं. पुण्याचे निवृत्त काका-काकू, डोंबिवलीच्या दोघी बहिणी आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला ठाण्याचा ऋत्विक, असे पाच जण आले होते. सहाव्यानं ऐनवेळी नाही म्हटलं. रिकामी सीट फोटोत वाईट दिसते म्हणून मितेशनं आपल्या वहिनीला, नमिताला, गाडीत कोंबलं होतं.

"वयनी, जन्मात कुठं फिरली नायस तू. चल आता फुकटात," असं तो म्हणाला होता. ते खोटं नव्हतं. पेणजवळच्या हमरापूरच्या कारखान्यात तिचा नवरा जगन गणपती ओतायचा आणि ती रंगवायची. तिनं डोळे आखलेले गणपती विमानानं दुबईला जायचे आणि ती पेणच्या बाजारात भाजीला जायची. पण ती आली ती फिरायला नव्हे. मितेशचा समुद्र अलिबागच्या पुढे ज्या गावात होता, तिथं तिची मावशी राहत होती, सीताबाई. आई गेल्यावर नमिताला तिनंच वाढवलं होतं, आणि तेही खडपावर. खडप म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा काळा खडकाळ पट्टा. त्याला चिकटलेली कालवं छोट्या कोयत्यानं फोडायची, आतला गर काढायचा आणि बाजारात विकायचा, यावर सीताबाईचं सगळं आयुष्य निघालं होतं. आजही तिच्या चुलीला दुसरा आधार नव्हता.

गाडी पोचली तेव्हा पौर्णिमेची मोठी ओहोटी लागली होती. अशा वेळी सीताबाई कमरेत वाकलेली, खडपाच्या पार टोकाला दिसायला हवी होती. पण ती सुरूच्या झाडांच्या सावलीत बसली होती, कोयता मांडीवर घेऊन. नमिता तिच्याजवळ गेली.

"मावशी, बसलीस का गो? पाणी तर चांगलं गेलंय."

"पावणे येयाचे हायत ना. तुझा दीर सांगून गेला, पावणे असतील तवा म्हातारीनं खडपावर दिसायचं नाय. फोटूत येते म्हनं मी." सीताबाई हसली, पण डोळ्यांनी नाही. "आनि जाऊन तरी काय करू गो बाय? कालवं मरत चाललीत. वरून कसला चुना बसतोय, देव जाने. फोडावं तर आतून वास मारतो. ही त्यातल्या त्यात बरी, टोकाकडची. भाजून खा."

तिनं कडीचा स्टीलचा डबा पुढे केला. आत शिंपल्यांसकट कालवं होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. लेकीला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, हे तिचं ठरलेलं होतं.

तेवढ्यात खडपावरून किंचाळण्याचा आवाज आला. डोंबिवलीच्या बहिणी एका डबक्याभोवती नाचत होत्या. "पिंक! काय पिंक आहे हे!" काकांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून डबक्यात पायच घातला. मितेश हात पसरून म्हणत होता, "हात लावू नका, जिवंत आहे ते. शंभर वर्षं लागतात वाढायला."

नमिता जवळ गेली. स्वच्छ पाण्यात गुलाबी, केशरी फांद्या पसरल्या होत्या. टोकांना मोतिया झाक होती. "कुणी तरी रंगवल्यासारखं वाटतं ना?" काकू म्हणाल्या, आणि नमिताला क्षणभर, खरंच क्षणभर, छातीत ऊब आली. कारण ते कुणी तरी रंगवलं होतं, आणि ते तिनंच रंगवलं होतं.

ती ऊब पुढच्याच क्षणी आंबली.

दसऱ्यानंतर मितेश मोबाईलवर एक चित्र घेऊन आला होता. अलिबागच्या कुठल्याशा हॉटेलात माशांची मोठी टाकी आहे, तिला शोभेचं प्रवाळ हवंय, असं म्हणाला होता. गणपती संपलेले, कारखाना ओस पडलेला, रंगकामाच्या पोरी घरी बसलेल्या. जगननं साचा केला, प्लास्टर ओतलं. नमितानं स्प्रेगननं गुलाबी मारला, वर मोतिया हात दिला, मोदकाला देतात तसा. मितेशनं ढीगभर नेलं, पुन्हा मागितलं, पुन्हा नेलं. एवढी टाकी भरत का नाही, असा प्रश्न तिला पडला नव्हता. पडला असता तरी तिनं तो बाजूला सारला असता, काम मिळत होतं ना.

आता तिनं पाण्यात हात घातला. मागच्या खेपेची फांदी बोटांत कुसकरली, ओल्या बिस्किटाचा होतो तसा लगदा झाला. पांढरं पाणी हळूहळू पसरलं आणि डबक्याच्या कडेला चिकटलेल्या कालवांवर जाऊन बसलं. बऱ्याच कालवांवर आधीच साय धरल्यासारखा थर होता. त्यात गुलाबी पापुद्रे होते. एक खेकडा त्यातून वाट काढत होता, पाठीवर तिचा मोतिया रंग घेऊन. नमिताला शिसारी आली. हात साडीला पुसला, तरी बोटांवरचा बुळबुळीतपणा जाईना.

तिनं मितेशला बाजूला घेतलं. "हे तू समुद्रात टाकलंस?"

"वयनी, हळू बोल."

"मावशीची कालवं मरतायत रे मेल्या!"

"एवढा मोठा समुद्र. त्यात चिमूटभर प्लास्टर. आपले गणपती कुठं जातात मग?" त्याच्याकडे उत्तर तयार होतं. त्याच्याकडे नेहमीच असायचं. "होळीनंतर अख्खं खडप भरायचं आपण. तुझ्या पोरींना बारमाही काम. आनि मावशीला मी सोडनार नाय, जंगलात पोपटीच्या मडक्यापाशी बसवू तिला. लुगडं नेसवून, नाकात नथ घालून. पावन्यांना असली म्हातारी लय आवडते."

नमिताच्या जिभेवर शिवी आली. मागे पाहुणे होते, सुरूखाली मावशी होती, आणि डोळ्यांसमोर कारखान्यातल्या पोरी होत्या. शिवी तिनं गिळली. ती खाली गेली नाही, घशातच अडकून राहिली. निघताना सीताबाईनं विचारलं, "काय दिसलं गो पावन्यांना एवढं?" नमिता म्हणाली, "काय नाय, दगड." आणि गाडीत जाऊन बसली. स्वतःच्या तोंडाचीच तिला किळस वाटली.

दुसऱ्या दिवशी रोह्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी, जंगल सुरू झालं. जंगल खरं होतं, तेवढं एक बरं होतं. बाकी सगळं मितेशचं होतं. आदिवासी वाडीवरचा पांडू एरवी कंपनीत लोडिंगला जायचा. तो कमरेला पानं बांधून वाटेवर उभा होता, पानांखालून जीन्स दिसत होती. त्याची बायको पारी शेजारी उभी होती, तिच्या कपाळावर मितेशनं पांढरे ठिपके काढले होते. नमिताला पाहून पारीनं पदर तोंडावर ओढला. दोघींनी एकमेकींकडे पाहायचं टाळलं.

पुढे ओढ्याच्या काठी मितेश एकदम खाली बसला आणि ओठांवर बोट ठेवलं. ओल्या मातीत पंजे उमटले होते. "बिबट्या," तो कुजबुजला. "ताजे आहेत."

ऋत्विक पोटावर झोपून फोटो काढू लागला. नमितानं एकदाच पाहिलं. नवरात्रातल्या देवीच्या वाघाचा पंजा होता तो, पुढचा, डावा. त्यांच्याच साच्यातला. 'शोकेसला हवाय' म्हणून मितेशनं तेवढाच ओतून घेतला होता. ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत सगळे पंजे डावेच होते. बिचारा बिबट्या एकाच पायावर उड्या मारत पाणी प्यायला आला होता. एरवी ती हसून लोळली असती. आज ती नुसती पुढे चालू लागली.

दुपारी उशिरा पोपटी लावली. तेवढी तरी पांडूनं रीतसर केली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, तोंडाला पुन्हा पाला गच्च, मग मडकं उपडं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. भांबुर्ड्याचा वास सुटला आणि लहानपणीच्या थंडीची नमिताला आठवण झाली. पाहुणे हात चोळत बसले. तिला डबा आठवला.

तिनं जाळाच्या कडेला निखारे ओढले आणि सीताबाईची कालवं त्यावर मांडली. "वा, ऑयस्टर!" काका पुढे सरकले. शिंपले तडतडले, उघडले. काकांनी एक उचललं, फुंकर मारली आणि तोंडापाशी नेलं.

"थांबा!"

नमितानं ते त्यांच्या हातातून हिसकावलं. आतला गर राखाडी हवा होता. त्याच्या कडेनं गुलाबी रेघ गेली होती, मोतिया चमकणारी. खाली शिंपल्यात पांढरा चिखल शिजून घट्ट झाला होता. वास आला, नासलेल्या मासळीचा आणि कारखान्यातल्या रंगाचा, दोन्ही एकत्र. ही मावशीनं निवडून दिलेली बरी कालवं होती. टोकाकडची.

घशात अडकलेलं सगळं वर आलं. नमिता झाडामागे जाऊन भडाभडा ओकली. पारीनं तिची पाठ चोळली. तोंड धुऊन ती परत आली ती बोलतच आली.

"ते प्रवाळ खोटं हाय. प्लास्टर हाय. हमरापूरला माझ्या कारखान्यात केलंय, ह्या हातानं रंगवलंय. तुमचा बिबट्या बी खोटा. देवीच्या वाघाचा पाय हाय तो. आनि त्या प्लास्टरनं माझ्या मावशीची कालवं मेली. तिच्या पोटावर पाय आला. ह्यो बघा!" तिनं तो शिंपला सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला.

 मितेशचं तोंड पहिल्यांदाच बंद पडलं होतं. आता हे पाहुणे त्याला जोड्यानं मारतील, असं नमिताला वाटलं. मारायलाच हवं होतं.

"म्हणजे," मोठी बहीण म्हणाली, "ते हँडमेड आहे?"

"तुम्ही केलंत? स्वतः?" काकूंचे डोळे चमकले. "तरीच म्हटलं, काय फिनिशिंग आहे!"

"ताई, तुमचा एक व्हिडिओ करू का?" ऋत्विकनं कॅमेरा वळवलासुद्धा. "पेणची मूर्तिकार, समुद्रात शिल्प. ही खरी स्टोरी आहे."

"आमच्या बाल्कनीत छान दिसेल. पिवळ्यात मिळेल का हो?" धाकटीनं विचारलं.

मितेशला जीव आला. केसांवरून हात फिरवत तो म्हणाला, "कुठलाही रंग. आपलाच कारखाना आहे."

काकांनी तेवढं मात्र केलं, उरलेली कालवं पायानं जाळात ढकलली आणि पोपटी कधी निघणार म्हणून विचारलं. मडकं फोडलं, सगळ्यांनी बोटं चाटत खाल्लं. नमिता रिकामा डबा पोटाशी धरून बसली होती. या माणसांचा तिला राग येत नव्हता. रागाला थोडी तरी आपुलकी लागते. तिला त्यांची नुसती घाण वाटत होती.

परतताना वाटेत गडब गावात मितेशनं वडापावसाठी गाडी थांबवली. ती उतरली नाही. घरी पोचल्यावर चप्पलही न काढता कारखान्यात गेली, रबराचा साचा ओढून काढला आणि विळीवर धरून चिरला. जगन बघत राहिला. तिनं सगळं सांगितल्यावर त्यानं दुसरा साचाही आणून दिला. तोही चिरला. पंजाचा साचा तिनं दगडानं ठेचला. रात्री तिला शांत झोप लागली, आणि इथंच ती फसली. हमरापूरची असून फसली.

कारण हमरापूरला नवी मूर्ती कुणाच्या एकट्याच्या मालकीची राहते कधी? वाळत घातलेला गणपती आवडला की शेजारी एक नग विकत नेतो, त्यावर रबर चढवतो आणि आठवड्याभरात तोच गणपती त्याच्या अंगणात उभा असतो. कुणी त्याला चोरी म्हणत नाही. जगननं असेच किती गणपती उचलले होते आणि किती लोकांनी जगनचे उचलले होते. सकाळी ती रस्त्यावर आली तर दत्तात्रेयच्या पडवीत फळ्यांवर गुलाबी फांद्या उन्हात वाळत होत्या. पुढे सखाच्या शेडमध्येही होत्या. त्याहून पुढे कुणाच्या, ते तिनं पाहिलं नाही.

"नमिताताई," दत्तात्रेय आपुलकीनं म्हणाला, "मितेशनं होळीची ऑर्डर गेल्या आठवड्यातच आमाला बी दिली. रागावू नका हां. पन खरं सांगा, आमचा गुलाबी तुमच्यापेक्षा जास्त चमक मारतोय ना?"

मारत होता. तिनं मान हलवली आणि पेणच्या बाजाराचा रस्ता धरला.

अमावस्येच्या ओहोटीला ती खडपावर गेली. थर खरवडायला कारखान्यातून तारेचे ब्रश आणि पत्र्याचा खरडा घेऊन गेली. मावशीचा डबा राखेनं घासून, उकळून, त्यात तांदळाचे लाडू भरून नेला. सीताबाई गुडघ्यांवर बसून एका कालवावरचा थर नखानं सोलत होती.

"कोनाचं काम हाय गो हे?" तिनं वर न पाहताच विचारलं.

नमितानं सांगितलं. काही वगळलं नाही. 'दगड' म्हणून उडवून लावलं होतं, तेही सांगितलं. बोलताना तिची नखं मावशीच्या समोर होती, कडांना अजून गुलाबी.

सीताबाई शिव्या देईल, कोयता फेकेल, निदान रडेल, अशी तिनं मनाची तयारी केली होती.  सीताबाईनं डबा घेतला, लाडू काढून पदरात ठेवले. मग उकळून आणलेला तो डबा ती पाण्याच्या कडेला घेऊन गेली, आत मूठभर वाळू टाकली आणि घासू लागली. विसळला, हुंगला, पुन्हा वाळू टाकली आणि पुन्हा घासायला घेतला.